आवडाबाईचं हिरवं आणि तीन हाळ्या

आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे की आवडाबाई अमावास्येच्या ओहोटीला खडपात उतरते, बुडून मेलेल्या जावेचे केस कापून आणते आणि त्यांची भजी करून खाते.

हे ऐकायचं तर भागोजीच्या दुकानात जावं लागतं. भागोजी चहा ढवळता ढवळता आवाज खाली आणतो, म्हणजे इतका खाली की रस्त्यापलीकडच्या माणसालाही नीट ऐकू जावं, आणि म्हणतो, "केस कसे, तर हिरवेगार. आठ वर्षं झाली, अजून वाढतायत." मग तो चमचा कपावर दोनदा वाजवतो. मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं त्यानंतर समुद्राकडे पाठ करून बसत नाहीत.

खरं असं आहे. ते केस नाहीत, शेवाळ आहे. ती अमावास्येला जाते तशी पौर्णिमेलाही जाते, कारण दोन्ही वेळेला उधाणाची ओहोटी लागते आणि पाणी लांब जातं. पण पौर्णिमा भागोजीला सोयीची नाही. भजी मात्र खरी. मी खाल्ली आहेत.

आणि ही गोष्ट वाढवण्यात माझाही हात आहे हे आधीच सांगून टाकते. मी अकरावीला गुहागरला जाते. सकाळच्या एसटीत मागच्या सीटवर बसून मी भागोजीची नक्कल करायचे, मग आवडाबाई करायचे, मग भजी खाणारी आवडाबाई करायचे. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबून ऐकायचा. माझं घर तिच्यापासून तिसरं. लहानपणापासून तिला काकी म्हणते. तरी करायचे.

आमची वाडी वेळणेश्वरच्या देवळाकडून खडपाखडपानं, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून, उत्तरेला चालत आलं की लागते. समोरचा खडक भरतीला दिसत नाही. ओहोटीला तो एवढा उघडा पडतो की वाटतं कुणीतरी गावच वाढवलंय. त्याच्यावर कार्तिकापासून चैत्र सरेपर्यंत हिरवं येतं. पूर्वी नावाची एक मुलगी दहा वर्षांपूर्वी दापोलीच्या कॉलेजात शिकत असताना आमच्याकडे आली होती, तिनं काकीला या हिरव्याच्या प्रकारांची पुस्तकातली नावं सांगितली. काकी ती त्याच दिवशी विसरली. तिची नावं साधी आहेत. पातळ, ओल्या पिशवीसारखं अंगाला चिकटणारं ते "पानं". बारीक हिरव्या मण्यांचे झुबके येतात ते "घोस". आणि दोऱ्यासारखं लांब, पाण्यात हलत राहणारं, ज्याला भागोजी केस म्हणतो, तो "दोरा". दोरा ती घरी आणत नाही. टोपलीत चुकून आला तरी वेचून परत टाकते. म्हणजे लोक ती जे आणते म्हणतात, नेमकं तेवढंच ती आणत नाही.

पानं समुद्राच्या पाण्यातच तीनदा खळबळायची, म्हणजे वाळू आणि नखाएवढ्या शिंपल्या खाली बसतात. गोडं पाणी शेवटी एकदाच. मग बारीक चिरून बेसनात, आणि मीठ घालायचं नाही. पाहुणे मीठ घालतात आणि मग तोंड वाकडं करतात. उरलेली पानं जुन्या जाळ्यावर सावलीत सुकतात, ती चुरून सुकटीच्या चटणीत किंवा घावनाच्या पिठात जातात. घोस शिजवायचे नाहीत. कांदा, थोडं कोकमाचं आगळ, आणि लगेच खायचे; दाताखाली मणी फुटतो आणि आतलं समुद्राचं पाणी जिभेवर येतं. मला पहिल्या वेळेला ते गार पाणी कुणाचं तरी आहे असं वाटलं होतं. मी थुंकले. काकी म्हणाली, जनीनं नव्हतं थुंकलं.

जनी म्हणजे तिची धाकटी जाऊ, भिवाकाकाची बायको.

वाडीत ती मुलगी यायच्या आधी हे हिरवं कुणी खात नव्हतं. माडाच्या आळ्यात खत म्हणून टाकायचे. पूर्वी आली आणि म्हणाली की काही देशांत हे ताटात असतं, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जनीनं खडकावरचंच एक पान उचललं, तोंडात टाकलं, सगळ्यांना ताटकळत ठेवून चावलं आणि म्हणाली, वास कोळंबीचा, पण सोलायची कटकट नाही. हे मी काकीच्या तोंडून ऐकलंय. काकी जनी करून दाखवते तेव्हा तिची मान डावीकडे झुकते आणि आवाज अर्ध्यानं हलका होतो. ती नक्कल करतेय हे तिला कळत नाही, म्हणून ती माझ्यापेक्षा चांगली करते.

दोघी वीस वर्षं एकत्र खडपात जायच्या. आधी कालवांसाठी, मग कालवं आणि हिरवं. आमच्याकडे बाई एकटी लांबच्या खडपात जात नाही, दोघी जातात. एक खाली वाकून काम करते, दुसरी वर उभी राहून समुद्राकडे बघते. थोड्या थोड्या वेळानं वरची हाळी देते, लांब, कूऽऽ अशी. खालचीनं ओ द्यायची. ओ नाही आली तर दुसरी हाळी. नाही आली तर तिसरी. तिसरीलाही नाही आली तर वरचीनं खाली उतरायचं नाही, सरळ किनाऱ्याला यायचं आणि पुरुषांना घेऊन जायचं. मागे एकीला काढायला दुसरी उतरली आणि दोघी गेल्या, असं दोनदा झालंय. म्हणून हा नियम. त्याला एक शेपूटही आहे, म्हाताऱ्यांनी लावलेलं. ओ आली पण ती आपल्या माणसाची वाटली नाही, तर तिथे थांबायचं नाही. मागे वळून बघायचंही नाही.

घोस मिळतात ते अगदी टोकाला, घळीत. दोन खडकांमधली चिंचोळी फट, आत माणूस उभा राहिला तर वरून दिसत नाही. घळीच्या पोटात एक बीळ आहे. लाट आली की त्यातली हवा कोंडते आणि ते वाजतं. कधी खोकल्यासारखं, कधी कुणी झोपेत कण्हल्यासारखं.

आठ वर्षांपूर्वी माघातल्या अमावास्येला जनी त्या घळीत उतरली होती आणि काकी वर होती. काकी किनाऱ्याला धावत आली ती एकटी. माणसं गेली तेव्हा घळ पाण्यानं भरली होती. जनी दोन दिवसांनी दाभोळच्या बाजूला मिळाली, केसांत हिरवा दोरा गुंतलेला. तिथून भागोजीची गोष्ट निघाली.

भिवाकाकानं काकीला एकच विचारलं होतं म्हणे: हाळ्या तीन दिल्यास ना? काकी म्हणाली, तीन दिल्या. वाडी म्हणाली, मग तिचा काय दोष. भांडण झालं नाही. फक्त भिवाकाका तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायचा थांबला, आणि तिनंही त्याच्या खळ्यात पाय टाकला नाही. दोन घरांच्या मधे एक अबोलीचं झाड आहे. तेवढंच अंतर.

गेल्या कार्तिकात मी भागोजीच्या दुकानासमोर काकी करत होते. समोरच्या पोरी हसायच्या थांबल्या तेव्हा मला कळलं. मागे काकी उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून तिच्या मुलाचा जुना शर्ट, पायात सुतळीनं बांधलेल्या चपला. मला वाटलं आता घरी कळणार.

"नाकातनं काढतंस," ती म्हणाली. "मी घशातनं बोलतंय. परत कर."

मी केलं. ती कान देऊन ऐकत होती, वैद्य नाडी बघतो तशी. मग म्हणाली की पौर्णिमेला उजाडताना तिच्याबरोबर खडपात यायचं, वर उभं राहायला. गेली आठ वर्षं तिच्याबरोबर कुणी येत नव्हतं. ती जवळच्या खडपातून पानं आणायची, आणि घोस हवे असतील तर एकटीच टोकाला जायची. हे काही चालण्यासारखं नव्हतं. मुंबईहून तिचा मुलगा सर्वेश दर रविवारी फोनवर ओरडायचा. मी त्याचा आवाज छान काढते. तो "आई" म्हणताना मधे श्वास घेतो.

माझ्या आईनं आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, एकटीला जाऊ देण्यापेक्षा तू जा, पण घळीकडे बघत बसू नकोस.

बघायचं काही नव्हतंच. ऐकायचं होतं. पहिल्या दिवसापासून काकी मला तेच विचारायची. हा आवाज कुणाचा? मी सांगायचे, खेकडे. हा? लांब होडी आहे, भिवाकाकाचं इंजिन, ते तिसऱ्या ठोक्याला अडखळतं. हा? पाण्याच्या डबक्यात हवेचे बुडबुडे. ती मान हलवायची आणि शिंपल्यानं हिरवं कापत राहायची. काकी हिरवं उपटत नाही. कालवाच्या शिंपीची कड धारदार असते, तिनं कापते आणि बुडखा खडकाला ठेवते, म्हणजे पंधरा दिवसांनी तिथेच पुन्हा येतं. बुडखा उपटला की तो खडक वर्षभर टकला. तिला कुठल्या खडकावर काय शिल्लक आहे ते पाठ होतं. घळीच्या तोंडाशी एक हातभर जागा मात्र ती कापायचीच नाही. तिथे घोस मनगटाएवढे जाड झाले होते.

घोस बहुतेक सगळे रत्नागिरीला जातात, विनीतकडे. विनीतचं माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. गोड्या पाण्यातल्या नव्हे, खाऱ्या पाण्यातल्या. मासे घाण करतात, पाणी बिघडतं. टाकीच्या मागे दुसरी लहान टाकी असते, तिच्यात घोस ठेवून वर दिवा लावायचा. घोस पाण्यातली घाण खातात आणि वाढतात, मासे पुढे मजेत. पानं तो कपड्याच्या चिमट्यासारख्या चिमट्याला लावून काचेवर अडकवतो आणि निळे, चपटे मासे ती शेळ्यांसारखी ओरबाडून खातात. पहिल्या वर्षी त्यानं घोस फ्रीजमध्ये ठेवले होते. सकाळी पिशवीत हिरवं पाणी. काकीनं त्याला फोनवर सांगितलं, त्यांना थंडी नको नि गोडं पाणी नको, तुला रात्रभर माठात बसवला तर तू काय करशील.

पौष महिन्यात आम्ही दोघी एसटीनं त्याच्या दुकानात गेलो, कारण त्यानं घाबरून फोन केला होता. दुकानात मागच्या टाकीवर दिवा होता आणि आत घोस होते, पण पांढरे. पूर्ण पांढरे, काचेसारखे, मणी न् मणी जागच्या जागी. आणि पाणी दुधाळ. विनीत सांगत होता की काल संध्याकाळपर्यंत सगळं हिरवंगार होतं. घोस कधी कधी असं करतात, वाढू दिले आणि वेळेवर कापले नाहीत तर एका रात्रीत सगळा जीव पाण्यात सोडून देतात. पाणी नासतं, त्यात मासे मरतात. तीन मेले होते. तो फार वाईट वाटून घेऊन बोलत होता आणि मी त्याची मान हलवण्याची लकब टिपत होते, तेवढ्यात माझं लक्ष काकीकडे गेलं. तिनं काचेला कपाळ लावलं होतं.

"आदल्या दिवसापर्यंत ओ देत असतात," ती टाकीला म्हणाली.

विनीत माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, काकीला बस लागते.

हे काय होतं ते मला माघात कळलं. जनीच्या अमावास्येला काकी खडपात गेली नाही. आम्ही तिच्या खळ्यात बसून आदल्या दिवशीची पानं धूत होतो. तिसरं पाणी चाललं होतं. काकी दोन्ही हात टबात घालून थांबली आणि म्हणाली की हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

"ओ आली व्हती. तिसऱ्या हाळीला."

मी विचारलं, कुणाची.

"तेच नाय कळला. जनीची नव्हती. बाईमाणसाचीच नव्हती. बिळातनं निघाल्यासारखी, लांबडी. मी म्हटलं, हे आपलं माणूस नाय. आणि मी पाय उचलला."

म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसं तिनं केलं होतं. थांबली नाही, वळली नाही. भिवाकाकानं हाळ्यांचं विचारलं, ओ आली का ते विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मग दर उधाणाच्या ओहोटीला ती त्या टोकाला जाऊन हाळी द्यायची आणि बीळ काय म्हणतं ते ऐकायची. वाडीला वाटायचं भुताला बोलावते.

"भूत असला तर बरा गो," काकी म्हणाली. "भूत नसला तर ती जनी हाय. मी तिला वरनं ऐकलं नि टाकून आलंय."

टबातली पानं वर येत होती आणि ती त्यांना परत खाली दाबत होती. तेव्हा मला कळलं की तिनं मला डोळ्यांसाठी नेलेलंच नव्हतं. वाडीत माझ्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि तिला तो हवा होता.

मला तिला बरं वाटावं असं फार वाटलं. आणि मला बढाई मारायचीही सवय आहे. मी म्हटलं, आवाज हा आवाज असतो. खडकात शिरून तो माणूस बदलत नाही. तुम्ही वीस वर्षं जनीकाकीचा आवाज ऐकलात, तो असता तर तुम्हाला कळलाच असता. मी तुम्हाला खडपात चारच महिने ऐकतेय, तरी तुम्ही विहिरीच्या तळातून ओ दिलीत तरी मी सांगेन, ही आवडाकाकी. काकी म्हणाली, विहीर नको, घळ आहे.

पैज अशी ठरली. फाल्गुनातल्या अमावास्येला ती घळीत उतरणार, जनी उभी होती तिथे. मी वरून तीन हाळ्या देणार. ती तीनपैकी एकाच हाळीला ओ देणार, कुठल्या ते तिचं ती ठरवणार. बीळ मधे मधे वाजणारच. मी सांगायचं, काकीची ओ कुठली. फसवाफसवी नको म्हणून माझा मोबाईल पाण्यात चालणाऱ्या पिशवीत घालून तिच्या गळ्यात, रेकॉर्डिंग चालू करून. मी जिंकले तर तिनं ही गोष्ट कायमची सोडायची: ते बीळ होतं, जनी नव्हती, संपलं.

मी हरले तर भिवाकाकाच्या खळ्यात जायचं आणि ती सांगेल ते त्याला सांगायचं, तिच्याच आवाजात. मी विचारलं, माझ्या आवाजात का नाही. काकी म्हणाली, तुझ्या आवाजात सांगितलंस तर तो म्हणेल, पोर काहीही सांगते. तिला स्वतःला जाता येत नव्हतं. चार वेळा ती अबोलीपर्यंत गेली होती.

फाल्गुनात पाणी खूप लांब गेलं होतं. उजाडत होतं, समुद्र शांत, खडक ओला आणि काळा, त्यावर पानं चकाकत होती. पाणी परत फिरायला अजून अर्धा तास होता, काकीनं दोनदा सांगितलं. ती घळीत उतरली. तिचं डोकं दिसायचं बंद झालं आणि लगेच मला ती तिथे नसल्यासारखं वाटलं.

मी पहिली हाळी दिली. कूऽऽ. लाट आत गेली, आणि ओ आली. स्पष्ट, बाईची, आणि शेवटी घशात तुटलेली, काकीची तुटते तशी. मी दोन्ही हात वर केले. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

बाकीच्या दोन हाळ्या मी उगाच, ठरलं म्हणून दिल्या. दुसरीला बीळ खोकलं. तिसरीला जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी सगळ्यांचे आवाज काढते, कुत्र्यांचे, इंजिनांचे, पण हा नाही काढता येत. लांब, ओला, तोंड नसलेला. रिकाम्या बाटलीत कुणी फुंकावं आणि बाटलीत माती असावी तसा. खाली बघितलं तेव्हा माझे पाय आधीच्या जागेवर नव्हते. दोन पावलं मागे आले होते, किनाऱ्याकडे.

काकी वर आली. माझे पाय कुठे आहेत ते तिनं पाहिलं. कुठली, म्हणाली. मी म्हटलं, पहिली.

तिनं गळ्यातली पिशवी काढून माझ्या हातात दिली. आम्ही खडकावरच बसून ऐकलं. आधी पाणी ठिबकताना. मग लांबून, डासाएवढी, माझी हाळी, आणि तिच्यानंतर बिळाचा आवाज. काकीचा श्वास ऐकू येत होता, तोंड बंद असलेला. माझी दुसरी हाळी. बीळ खोकलं. माझी तिसरी हाळी, आणि त्याच्यावर इतक्या जवळून, की मोबाईल खरखरला, काकीचा आवाज, रोजचा, घशातला:

"आले गो, थांब. जाऊ नकोस. आले."

शब्द बोलणार आहे हे तिनं मला सांगितलं नव्हतं. वर एकही शब्द आला नव्हता.

मी म्हणायला लागले की मोबाईलचं काही खरं नसतं, वारा उलटा होता, परत एकदा करूया. काकीनं ऐकून घेतलं. मग ती उठून घळीच्या तोंडाशी गेली आणि तिथली ती हातभर जागा, आठ वर्षं न कापलेली, शिंपीनं कापली. बुडखा ठेवून. घोस टोपलीत मावले नाहीत, तेव्हा ओंजळीत घेतले.

"म्हंजे जनीच," ती म्हणाली.

परत येताना ती पुढे होती. मी एकदाही मागे बघितलं नाही, आणि मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिवाकाकाकडे गेले. तो खळ्यात जाळं शिवत बसला होता. मी सांगितलं, पैज हरलेय, म्हणून सांगायला आलेय, आणि हसू नका. तो हसणाऱ्यातला नाहीच. मी घशातून सुरू केलं. भिवा, मी आवडा बोलतंय. हाळ्या तीन दिल्या ते खरं, पण तिसरीला ओ आली व्हती. मला ती जनीची वाटली नाय. आता ती जनीचीच व्हती असं कळलंय. मी तिला टाकून आलंय.

'भिवा' म्हटल्यावर त्यानं चटकन अबोलीकडे पाहिलं होतं. पलीकडे काकीच्या घराचं दार उघडं होतं, पण दारात कुणी नव्हतं. 'ओ आली' म्हटल्यावर सुई थांबली ती थांबलीच.

तो म्हणाला, "हे तिनं सांगितलं. आता तुझ्या आवाजात सांग. तू काय ऐकलंस?"

मी सांगितलं. जिला मी काकी म्हटलं ते बीळ होतं, आणि ज्याला घाबरून मागे आले ती काकी होती. किती मागे, त्यानं विचारलं. दोन पावलं. मग का थांबलीस? मी म्हटलं, काकी खाली आहे हे ठाऊक होतं म्हणून.

"तिला पण ठाऊक व्हतं," भिवाकाका म्हणाला.

मग तो जाळ्याचा दोरा दातांत धरून तोडायला लागला. तुटला तेव्हा त्यानं विचारलं की पौर्णिमेला घळीवर वर कोण उभं राहणार आहे. मी म्हटलं, मी.

"तू नको. मी येतो."

मी काकीकडे गेले. ती वाळलेली पानं चुरत होती, हात कोपरापर्यंत हिरवे. मी सगळं सांगितलं. तिला बाकीचं नको होतं, शेवटचं तेवढं हवं होतं. कसं म्हणाला, विचारत होती. मी भिवाकाका केला: तू नको, मी येतो. तिनं पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा. राग होता का त्यात, तिनं विचारलं. मी चौथ्यांदा केलं, अगदी तस्सं, दातांत दोरा धरल्यासारखं, आणि तरी राग होता की नाही, मला सांगता येईना.